बिनबॅटरीचा चमत्कार

दर्ग्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारनंतरची आसरची नमाज कधीच आटोपली होती, तरी माणसं येतच होती. स्फाक्स शहराहून दोन गाड्या खचाखच भरून आल्या होत्या. मिठागरांवरचे मजूर, कोळी, शाळेचे मास्तर, सगळे भिंतीला टेकून उभे होते. पुढे चटयांवर बायका बसल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या मांडीवर एकच वस्तू होती: काळा, जड, हाताने चालवायचा फिल्मचा कॅमेरा. कुणी तो रुमालात गुंडाळला होता, तर कुणी तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता.

रास अल-मिल्ह गावच्या बायकांना फोटो काढायचा नाद लागला होता, असं मुळीच नाही. त्यांची पोरं समुद्रात गेली होती. काळोखात पडावात बसून इटलीकडे निघालेली पोरं. काहींचे पलीकडून फोन आले. काहींचे आले नाहीत, आणि त्या न आलेल्या फोनांच्या आया या अंगणात बसल्या होत्या.

"ज्याच्या पोटात वीज, त्याच्या डोळ्याला पडदा!" दर्ग्याचा बाबा सीदी अम्मार ओट्यावरून गरजला. धिप्पाड माणूस, टोपडीवाला पांढराशुभ्र बुर्नूस झगा, मेंदीने लाल केलेली दाढी. "ते नवे कॅमेरे पाहता ना बाजारात? बटण दाबलं की घुर्रर्र करणारे? त्या आवाजानेच आत्मा शंभर कोस पळतो! आणि हा?" त्याने एक कॅमेरा उंच धरला. "हा गरीब आहे. मुका आहे. बॅटरी काढून फेका, तरी चालतो. म्हणून याला दिसतं. गरिबालाच गरिबाचं दुःख दिसतं, बायांनो!"

"अल्लाह! अल्लाह!" अंगण हुंकारलं.

"पण डोळा कोरा हवा. दुसऱ्या कुणाला पाहिलेला डोळा तुझ्या लेकराला ओळखायचा नाही. मुन्सिफच्या दुकानातून नवा आणायचा, पेटी न फोडता."

अंजिराच्या झाडाखाली उभ्या राधियाने हे ऐकलं आणि तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. गावच्या युवक केंद्रात ती फोटोग्राफी शिकवायची. हाच कॅमेरा ती वर्षानुवर्षं पोरांच्या हातात देत आली होती. नवशिक्यांसाठी केलेला, सगळ्यांत स्वस्त, पडला तरी न मोडणारा. आणि तो गरीब-बिरीब काही नव्हता. तो साधा होता. त्या साधेपणाचं हा माणूस भांडवल करत होता.

ती आली होती खाला मब्रूकासाठी. मब्रूका तिची शेजारीण, मानलेली मावशी. राधियाची आई गेल्यावर तिच्या घरी डबा पाठवणारी, तापात उशाशी बसणारी. मब्रूकाचा एकुलता एक वज्दी शरदाच्या सुरुवातीला पडावात बसला, आणि मग काहीच नाही. मब्रूकाने चांदीचे पैंजण विकून कॅमेरा घेतला होता. मागच्या शुक्रवारी सीदीने तो कॅमेरा आणि वज्दीचा फोटो आतल्या खोलीत नेला, दार लावून दुआ पढली, बाहेर येऊन मब्रूकाला काळ्या पडद्यापुढे बसवलं आणि सगळ्यांसमोर खटका दाबला. फिल्म मुन्सिफच्या दुकानात धुवायला गेली. आज पाकीट आलं होतं.

मब्रूकाने पाकीट फोडलं आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. लगेच चारही बाजूंनी बायकांनी जिभा हलवून लग्नात करतात तसा जल्लोष केला.

फोटोत मब्रूका बसली होती. तिच्या उजव्या खांद्यामागे, काळ्या पडद्यातून उमटल्यासारखा, धुरकट, आरपार दिसणारा वज्दीचा चेहरा होता.

सीदीने फोटो हातात घेतला आणि डोळे मिटले. "जिवंत आहे," तो म्हणाला. "मोठं शहर दिसतंय. रुळांवरून गाड्या चालतायत. मिलान... होय, मिलान. भट्टीवर काम करतो. पाव भाजतो. म्हणतो, माझ्या उम्मीला, आईला सांगा, रडू नको."

मब्रूका कोसळलीच. दोघींनी तिला धरलं. राधिया गर्दीतून वाट काढत पुढे गेली, फोटो तिने हातात घेतला आणि पाहताक्षणी ओळखला. तो चेहरा तिनेच टिपला होता. वज्दी सतरा वर्षांचा असताना, युवक केंद्राच्या खिडकीत, तिच्याच वर्गात. मब्रूका तो फोटो घडी घालून बटव्यात ठेवायची. ती घडी आत्म्याच्या गालावरून सरळ खाली उतरली होती.

"सीदी," राधिया मोठ्याने म्हणाली, "वज्दी गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दाढी होती त्याला. हा सतरा वर्षांचा कसा?"

"आत्म्याला वय नसतं, पोरी."

"आणि ही गालावरची रेघ? ही कागदाची घडी आहे."

सीदी अम्मारने इतक्या मायेने मान हलवली की राधियाला तिथेच ओरडावंसं वाटलं. "लेकरू आईला सोडून परदेशात गेलं," तो अंगणाला म्हणाला. "त्याच्या आत्म्याला चिरा पडणार नाही?"

"आऽह," अंगणाने सुस्कारा सोडला. कुणीतरी राधियाला कोपराने मागे सारलं. "शिकल्या-सवरल्या बायका! यांना काळीज नसतं!"

त्या गर्दीत तोंड उघडून उपयोग नव्हता. त्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, कारण उत्तर खरं असायची त्याला गरजच नव्हती.

* * *

आणि एवढ्यावर भागलं असतं तर राधिया दात-ओठ खाऊन गप्पही बसली असती. पण मंगळवारी युवक केंद्रात फोन वाजला. पलीकडे स्फाक्सच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर होत्या. शरदात मब्रूकाला घेऊन राधिया तिथे जाऊन आली होती, वज्दीचं वर्णन देऊन आली होती. मोटरसायकलवरून पडल्यावर त्याच्या डाव्या गळपट्टीच्या हाडात पोलादी पट्टी बसवली होती, हेही तिने सांगितलं होतं.

"केरकेन्ना बेटांकडच्या कोळ्यांना बऱ्याच दिवसांपूर्वी एक मृतदेह सापडला," डॉक्टर म्हणाल्या. "आधी दुसऱ्या हॉस्पिटलात होता, आता आमच्याकडे आलाय. डाव्या गळपट्टीच्या हाडात पोलादी पट्टी आहे. जुना एक्स-रे घेऊन आईला आणाल का? चेहरा दाखवणार नाही आम्ही. पण कुणी आलं नाही, तर बेनाम पुरावं लागेल. जास्त दिवस थांबवता येणार नाही."

राधिया फोन ठेवून मब्रूकाच्या घरी गेली. मब्रूका अंगणात शेळीला पाला घालत होती. किती महिन्यांनी तिने केस विंचरले होते.

राधियाने सांगितलं. जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं.

मब्रूका शेळीला पाला घालतच राहिली. "कुणाचा तरी मुलगा असेल तो. अल्लाह त्याच्या आईला बळ देवो."

"खाला, पट्टी आहे. डावीकडेच."

"हजार पोरांना असते पट्टी!"

"मग एक्स-रे जुळणार नाही. तू एकदा चल फक्त. नाही जुळला, तर आपण..."

"माझा मुलगा पाव भाजतोय!" मब्रूका किंचाळली. "मी पाहिलाय त्याला! या डोळ्यांनी! आणि तू मला मुडद्याजवळ न्यायला निघालीस? सीदी म्हणाले होते, कुणीतरी येईल, तुला मुडदा दाखवायला नेईल. त्या मुडद्याला मी वज्दी म्हणाले, तर तिकडे खरा वज्दी मरेल. तुला लाज नाही वाटत? माझ्या घरचं खाऊन मोठी झालीस तू!"

राधिया संतापून घरी आली. मब्रूकावर नव्हे. आपल्या मुलाचा शोध घेणारी बाई या माणसाला नको होती, म्हणून त्याने तिचे पाय आधीच बांधून ठेवले होते. पैसे घेणं एक वेळ समजतं. पण आईला स्वतःच्या मुलाच्या मयतीपासून दूर ठेवायचं? एका फोटोवर दुसरा चेहरा चिकटवून?

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुन्सिफच्या दुकानात गेली. काउंटरच्या मागे त्याच कॅमेऱ्याच्या पेट्या छतापर्यंत रचल्या होत्या. वर सीदी अम्मारचा हसरा फोटो टांगला होता; त्याच फोटोची लहान प्रत प्रत्येक पाकिटात फुकट मिळायची.

"वर्गासाठी एक कॅमेरा हवाय," राधिया म्हणाली. "एकाचा खटका बिघडलाय."

मुन्सिफने भाव सांगितला. मागच्या वर्षीच्या तिप्पट.

"हा? या कॅमेऱ्याला?"

"बाजार आहे, बाई. मागणी तसा भाव."

"मुन्सिफ, मागच्या वर्षी तू मला हात जोडत होतास, सगळे घेऊन जा म्हणून."

"तेव्हाची गोष्ट वेगळी." त्याने पान उलटावं तसा हात उलटा केला. "आधी कोण घ्यायचं हा? कलाशाळेची पोरं आणि तू. बाकी सगळ्यांना आपोआप चालणारा हवा. आता तर ते फिल्म नसलेलेही आलेत, राजधानीत दुकानं भरलीयत. कंपनीवाला मला म्हणाला, हे मागे घेत नाही, फेकून दे. माझे पैसे अडकलेले. बायको रोज डोकं खायची."

"आणि मग सीदी आला."

"मग सीदीची कृपा झाली," मुन्सिफ दुरुस्त करत म्हणाला. त्याने नजर चुकवली. "तू कशाला मध्ये पडतेस? त्या बायकांना झोप लागते आता. मी वाईट करतोय का कुणाचं?"

"मब्रूकाचा मुलगा हॉस्पिटलात पडलाय, मुन्सिफ. बर्फात. आणि ती त्याला घ्यायला जात नाही."

मुन्सिफ काउंटर पुसायला लागला. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली, मोक्नीन गावाहून आलेली एक म्हातारी रुमालाची गाठ सोडत आत आली, आणि मुन्सिफने तिच्यासाठी वरची पेटी काढली.

राधिया बाहेर पडली. आता तिला सगळंच दिसत होतं. हाच कॅमेरा का? सीदी म्हणतो, आवाजाने आत्मा पळतो. आत्मा कसला पळतो! आपोआप चालणारा कॅमेरा खटका दाबला की फिल्म लगेच पुढे सरकवतो, एकाच जागेवर दुसरा फोटो काढूच देत नाही. हाताने चालवायचा कॅमेरा ते करू देतो. तिच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी नवं पोर नको ते बटण दाबून बसायचं, आणि मग त्याच्या फोटोत मशिदीच्या मिनारावर आजोबा बसलेले निघायचे. वर्ग लोळून हसायचा. तेच. त्या चुकीचा या दोघांनी दर्गा केला होता.

* * *

दुपारी राधिया वर्गातला कॅमेरा घेऊन मब्रूकाच्या दारात उभी राहिली. मब्रूकाने तोंड फिरवलं.

"भांडायला नाही आले, खाला. वज्दीचा तो फोटो दे घटकाभर. मलाही त्याला बोलावता येतं का बघते."

मब्रूकाने संशयाने पाहिलं, पण बटवा उघडला. आईच ती.

राधियाने तो फोटो काळ्या चादरीवर ठेवला, जवळून टिपला. मग मब्रूकाला तिच्याच घराच्या काळोख्या दारात बसवलं आणि पुन्हा खटका दाबला. दोघी युवक केंद्रात गेल्या. फिल्म धुऊन झाली, लाल दिव्याच्या खोलीत कागद औषधाच्या पाण्यात पडला. हळूहळू मब्रूका उमटली. तिच्या खांद्याशी वज्दी.

मब्रूकाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ती वळली, आणि राधियाचे हात धरून त्यांचं चुंबन घेऊ लागली. "तुलाही देणगी आहे! पोरी, तुलाही! आणि इतके दिवस मला सांगितलं नाहीस?"

राधियाला रडू कोसळलं. हिला समजवायचं कसं? डोळ्यांनी पाहिलं तरी ही पटकन तिथेच जाऊन पडते, जिथे तिला पडायचं आहे. दाखवून भागणार नव्हतं.

तिने डोळे पुसले, मब्रूकाला तिच्या अंगणात परत आणलं आणि नवी फिल्म घातलेला कॅमेरा तिच्या हातात दिला.

"आता तू कर."

"मी? मला काय येतंय?"

"दहा वर्षांच्या पोरांना येतं. हा तोच वीज नसलेला, गरीब, मुका कॅमेरा आहे ना? बघू तुझं ऐकतो का. वज्दीचा फोटो नको घेऊस. दुसरा कुणाचा तरी घे."

मब्रूकाच्या बटव्यात सीदीचा पाकिटातला फोटो होता. तिने तो काढला. राधियाने फक्त तोंडाने सांगितलं, हात लावला नाही. काळ्या चादरीवर ठेव. जवळ जा. इथून बघ, स्पष्ट दिसेपर्यंत हे फिरव. दाब. आता बुडाशी एक बारकं बटण आहे, ते बोटाने दाबून धर. फिल्म गुंडाळायची ही वरची कळ दुसऱ्या हाताने घट्ट धर, फिरू देऊ नको. आता हा दांडा ओढ. ऐकलंस? कॅमेऱ्याला वाटतं, फिल्म पुढे गेली. गेली नाही. तीच जागा आहे. आता दुसरं काहीही टिप.

"काय टिपू?"

"काहीही. काळोखापुढचं."

मब्रूकाने अंगणात गोठ्याच्या दाराशी बांधलेली शेळी टिपली.

पुन्हा युवक केंद्र, पुन्हा लाल दिवा. कागद मब्रूकाने स्वतः पाण्यात सोडला, चिमट्याने हलवला. आधी शेळीचे कान आले. मग शिंगं. आणि मग शेळीच्या पाठीवर, हसरा, आरपार, मेंदीच्या दाढीसकट सीदी अम्मार उगवला.

मब्रूका बघत राहिली. पाणी हलायचं थांबलं तरी बघत राहिली.

"तो तर जिवंत आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी काही पढले नाही."

"नाही."

"मी काहीच पढले नाही, राधिया. मी नुसतं बटण दाबलं." तिने चिमटा ठेवला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आत दार लावून हेच करतो तो?"

"हेच."

मब्रूका भिंतीला धरून खाली बसली. राधिया तिच्या शेजारी जमिनीवर बसली, हात हातात घेतला. तिच्याकडे सांगण्यासारखं काही चांगलं नव्हतं. मिलान गेलं होतं. भट्टी गेली होती. त्यांच्या जागी ठेवायला तिच्याकडे फक्त हॉस्पिटलाचा एक फोन होता, आणि हे आपल्याला करावं लागतंय याचा तिला त्या माणसावर असा संताप आला की दात दुखायला लागले.

"एक्स-रे पलंगाखालच्या पेटीत आहे," मब्रूका म्हणाली. "उद्याची पहिली गाडी किती वाजता?"

* * *

एक्स-रे जुळला. पट्टी तीच, स्क्रूही तेच, एक जरासा तिरका बसलेला. डॉक्टरांनी वज्दीचा सदरा एका पिशवीत दिला. मब्रूकाने तो नाकाशी धरला. त्याला फक्त औषधांचा वास येत होता.

वज्दीला गावात आणून बापाच्या शेजारी पुरलं. दगडावर नाव लिहिलं. मयतीला सगळा गाव आला, मुन्सिफ सोडून. सीदी अम्मारने निरोप पाठवला: आईने शंका घेतली, म्हणून मुलगा तिकडे मेला.

हा निरोप ज्या बाईने आणला, तिला मब्रूकाने शांतपणे पाणी पाजलं आणि परत पाठवलं. मग राधियाला म्हणाली, "त्या शेळीच्या फोटोच्या किती प्रती निघतील?"

"पाहिजे तेवढ्या."

"मग पाहिजे तेवढ्या काढ."

* * *

त्यानंतरच्या शुक्रवारी अंगण पुन्हा भरलं. सीदी गरिबाच्या डोळ्याबद्दल बोलत होता, तेवढ्यात मब्रूका सफ्सारीच्या पांढऱ्या चादरीत अंग लपेटून उभी राहिली. गर्दीने आपोआप वाट दिली. मुलाला नुकतीच मूठमाती दिलेल्या बाईला कोण अडवणार?

"सीदी," ती म्हणाली, "माझा मुलगा कुठे आहे?"

"खुदाच्या दयेत, बहिणी. मी सांगितलं होतं, शंका..."

"तुम्ही हा फोटो काढलात, तेव्हा तो जिवंत होता?"

"होता. मिलानला. मी पाहिलं."

"तेव्हा तो खारं पाणी पोटात घेऊन हॉस्पिटलात पडला होता. कोळ्यांनी त्याला त्याआधी बाहेर काढलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुम्ही पाव भाजताना कुणाला पाहिलंत?"

सीदीने दाढीवरून हात फिरवला. "सैतान रूपं घेतो. कधी कधी सैतान..."

"अच्छा, सैतान का?" मब्रूकाने सफ्सारीखालून गठ्ठा काढला आणि पुढच्या बायकांना वाटायला सुरुवात केली. "मग हे बघा. हा सैतान मी काढलाय. माझ्या हाताने. माझ्या शेळीच्या पाठीवर."

आधी एक बाई फिसकन हसली. मग तिच्या मागची. फोटो हातोहात मागे गेले आणि भिंतीशी उभे कोळी पोट धरून हसायला लागले. "काय राव सीदी, शेळी कुठली? मिलानची?"

"जादूटोणा!" सीदी गरजला. "ही बाई चेटूक करते! तिला बाहेर काढा!"

"चेटूक कसं करतात ते मी सगळ्यांना दाखवते. हे बघा, इथे बुडाशी बटण आहे. तुमच्या सगळ्यांच्या कॅमेऱ्याला आहे. उलटा करा आणि बघा." आणि खरोखरच अंगणभर कॅमेरे उलटे झाले. "आहे ना? सीदी, आत नका जाऊ. हा घ्या कॅमेरा, ही घ्या मोक्नीनच्या खालाच्या मुलाची तसबीर. इथेच, आमच्यासमोर पढा, इथेच काढा. दुआ काय फक्त दाराआड ऐकू जाते?"

"आत्मा लाजतो. गर्दीत..."

"मेलेलं लेकरू आईला लाजतं?" मागून एक बाई ओरडली. "माझं लेकरू मला लाजतं?"

त्यानंतर जे झालं, ते कुणी ठरवलं नव्हतं. बायका उठल्या. सीदी आतल्या खोलीच्या दाराशी आडवा आला, पण पाच-सहा जणींनी त्याला बाजूला केलं आणि दार उघडलं. आत कुराण नव्हतं. मेजावर काळं मखमल पसरलं होतं, दोन्ही बाजूंना दोन दिवे, मध्ये कॅमेरा बसवायला लोखंडी बैठक. मखमलावर एका मुलाचा फोटो पिनांनी टोचून ठेवला होता. त्याची आई बाहेर, तिसऱ्या चटईवर बसली होती. ती आत आली, एक एक पीन काढली, फोटो पदराने पुसला आणि तो घेऊन निघून गेली.

सीदी मागच्या दाराने पळाला. मुन्सिफच्या दुकानाला कुलूप लागलं होतं. पोलीस चौकीवर तक्रार लिहून घेतली, शिक्का मारला, चहा पाजला, आणि पुढे काही झालं नाही.

* * *

तीन आठवड्यांनी कळलं, किनाऱ्यावर दक्षिणेला एका गावात लाल दाढीचा कुणी सीदी आलाय. नाव दुसरं. कॅमेरा तोच. आयाही तशाच.

राधिया चौकीला फोन करत होती, तेव्हा मब्रूका दारात आली. "फोन ठेव. गाडी सुटेल."

रास अल-मिल्हच्या डझनभर बायका गाडीत बसल्या, प्रत्येकीच्या मांडीवर तिचा महागडा, फसवून विकलेला कॅमेरा. इतक्या दिवसांत युवक केंद्रात राधियाने सगळ्यांना शिकवलं होतं. त्या गावच्या बाजारात, माशांच्या ओट्यांशेजारी, त्यांनी काळी चादर पसरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवू लागल्या. बघा. दाबा. स्वतः करा. परवा फोटो धुऊन आणतो.

माणसं जमली. काही हसली. मग एक बाई पुढे आली, तरुणच होती, हातात नवीन पाकीट. तिचा चेहरा संतापाने पांढरा पडला होता.

"कुणी बोलावलं तुम्हाला? माझा भाऊ सापडलाय मला. तुम्ही त्याला माझ्यापासून हिरावून घ्यायला आलात!"

राधिया पुढे होत होती, पण मब्रूकाने तिला हाताने थांबवलं.

"तुझ्या भावाला मी नाही नेलं, पोरी. तो कुठे आहे, मला माहीत नाही. त्या सीदीलाही माहीत नाही. तुलाही नाही. हेच खरं आहे, आणि ते कडू आहे. पण ज्याला माहीत नसतं तो शोधतो. या माणसाने तुला सांगितलं, सापडला, आणि तुझं शोधणं बंद केलं. माझंही केलं होतं. माझा मुलगा बर्फात माझी वाट बघत होता, आणि मी फोटोची पापी घेत बसले होते." तिचा आवाज चढला, आता ती सगळ्या बाजाराला सांगत होती. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका! मी कोण लागून गेले? कॅमेरा घ्या, बटण दाबा, स्वतः बघा. आणि कुणीही म्हणालं, की चमत्कार दाराआड होतो, तर त्याला म्हणा, दार उघड. नाही उघडलं, तर समजा. तुमचं दुःख खरं आहे म्हणून त्याचं बोलणं खरं होत नाही!"

त्या तरुणीने पाकीट घट्ट धरलं होतं. तिने ते फाडलं नाही, फेकलं नाही. तिने चादरीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हॉस्पिटलात," ती म्हणाली, "कुणाला विचारायचं?"

मब्रूकाने तिला डॉक्टरांचं नाव सांगितलं, कुठल्या दारातून आत जायचं ते सांगितलं, आणि भावाच्या अंगावर काही जुनी खूण असेल तर ती आठवून ठेवायला सांगितलं.